आधी घाट, मग क्रोम

संगणकावर मोटार बनवण्याचा ‘ऑटोमेशन’ नावाचा एक खेळ आहे. मोटार पळवण्याचे खेळ पुष्कळ आहेत. हा मोटार घडवण्याचा. कॅमशाफ्ट सॉफ्टवेअर या छोट्या कंपनीने तो तयार केला आणि २०१५ पासून तो ‘स्टीम’ या खेळांच्या ऑनलाइन दुकानात विकत मिळू लागला. खेळणाऱ्याने १९४६ ते २०२० यांमधले एखादे साल निवडायचे आणि त्या साली जे तंत्र हाताशी होते त्यातूनच पिस्टनचा व्यास, गिअरची संख्या, पत्र्याची जात, दिव्यांची जागा असे एकेक ठरवत आख्खी गाडी उभी करायची. या खेळाभोवती हौशी लोकांच्या स्पर्धा भरतात. कुणीतरी यजमान होतो, एक काल्पनिक गिऱ्हाईक उभे करतो, त्याची गरज आणि खिसा सांगतो. स्पर्धक गाड्या पाठवतात, यजमान त्या तपासतो. जुन्या वळणाची देखणी गाडी हा त्यातला एक हमखास विषय, आणि त्यावर नवखे स्पर्धक बहुधा एकाच तऱ्हेने फसतात. गोल दिवे, भरपूर क्रोम, पांढऱ्या कडेचे टायर, दोन रंगांचे पट्टे एवढे साहित्य ते आजच्या बांध्याच्या गाडीवर चढवतात आणि गाडी सोंग घेतल्यासारखी दिसू लागते. चूक होते ती क्रमात. आधी रस्ता, हवा, पेट्रोल आणि गिऱ्हाईकाचा खिसा ठरवावा, त्यातून यंत्र ठरावे आणि देखणेपणाकडे सर्वांत शेवटी वळावे, असे माझे म्हणणे आहे. तोवर देखणेपणाचा निम्मा-अधिक भाग ठरूनच गेलेला असतो. हे पडताळून पाहायला रत्नागिरीसारखी जागा नाही, कारण इथला रस्ता आणि इथली हवा कोणत्याही यंत्राला सूट देत नाहीत.

जुन्या गाड्यांचे जे तपशील आज आपल्याला मोहक वाटतात, ते एकेक करून तपासले तर बहुतेकांच्या मागे काहीतरी अडचण सापडते. गोल हेडलाइटच घ्या. अमेरिकेत १९४० पासून सात इंची गोल सीलबंद दिवा हे सगळ्यांचे प्रमाण ठरले. काच, आरसा आणि तार एकाच बंद डब्यात, दिवा गेला की पूर्ण डबाच बदलायचा. दिव्याचा आकार सगळ्यांना एकच म्हटल्यावर डिझायनरच्या हाती उरला तो दिव्याभोवतीचा पत्रा, आणि त्या काळच्या गाड्यांचे चेहरे वेगवेगळे दिसतात ते त्या पत्र्यामुळे. पुढच्या दाराच्या कोपऱ्यातली तिकोनी काच एसी नव्हता म्हणून आली. ती वळवली की वारा अंगावर येई. छपराच्या कडेने जाणारी पन्हळ म्हणजे छत आणि बाजू यांचा बाहेर वळवलेला सांधा. तो लपवण्याचे तंत्र स्वस्त नव्हते, तेव्हा त्यालाच पावसाचे पाणी मागे नेण्याच्या कामाला लावले. बंपर ही वाकली तर ठोकून सरळ करायची पोलादी पट्टी होती, आणि क्रोमचा मुलामा तिला गंजापासून राखायचा.

महाराष्ट्राला या सगळ्याचा धडा एकाच गाडीत मिळतो. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून फियाट ११०० चे जे मॉडेल ‘डिलाइट’ म्हणून निघू लागले, तेच पुढे सत्तरच्या दशकात ‘प्रीमियर प्रेसिडेंट’ आणि मग ‘पद्मिनी’ झाले. इंजिन १०८९ सीसीचे. गिअरचा दांडा स्टेअरिंगखाली, त्यामुळे पुढची सीट सलग बाकासारखी आणि तिच्यावर तिघांची सोय. मागच्या आडव्या धुऱ्याला पोलादी पाटे, कारण ओझे त्यांना सोसते आणि कुठलाही फिटर ते बदलू शकतो. मागच्या दोन कोपऱ्यांवर उठवलेली बारीक पाती मात्र निव्वळ फॅशन होती. अमेरिकेत पन्नाशीच्या दशकात जे थैमान चालले होते, ते इटलीत पोचेपर्यंत एवढेसे उरले. म्हणजे प्रत्येक रेघेमागे उपयोगच असतो असा हट्ट मी धरणार नाही. पण ती पाती खुलतात ती खालचा बांधा प्रामाणिक आहे म्हणून. मुंबईच्या टॅक्सीवाल्यांनी त्याच बांध्यावर छताला कॅरिअर चढवले, डाव्या बाजूला बाहेर मीटर बसवला, काळा-पिवळा रंग दिला आणि तरीही गाडी विद्रूप झाली नाही. शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ मध्ये ताडदेवला नोंदली गेली आणि वीस वर्षांच्या मर्यादेमुळे ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस रस्त्यावरून उतरली. तेव्हा वर्तमानपत्रांत हळहळीचे मजकूर आले.

आकार उसना घेतला आणि अडचण मागेच सोडली तर काय होते, हे मोठ्या कंपन्यांनी स्वतःच्या पैशाने दाखवून दिले आहे. फोक्सवॅगनची मूळ बीटल पाठीकडून गोल होती, कारण तिचे हवेने थंड होणारे इंजिन मागे होते आणि पुढे नुसती डिकी. नव्वदच्या दशकाच्या शेवटी आलेल्या न्यू बीटलचे इंजिन पुढे आले, कारण खालची चौकट गोल्फ गाडीची होती. वर मात्र कमान तीच ठेवली. परिणाम असा की पुढची काच चालकापासून लांब गेली, डॅशबोर्ड एखाद्या ओट्यासारखा खोल झाला आणि मागे बसणाऱ्याचे डोके छताला लागू लागले. गाडी खपली, आवडली, पण तिच्या आत बसले की आकार आणि यंत्र यांचे भांडण जाणवत राहते. फियाट ५०० ची गोष्ट थोडी वेगळी आहे. १९५७ च्या मूळ गाडीची लांबी तीन मीटरपेक्षाही कमी, इंजिन मागे, त्यामुळे नाकावर जाळी नाही, फक्त मिशीसारखी एक पट्टी. २००७ च्या नव्या गाडीत इंजिन पुढे आले आणि रेडिएटरला हवा देणे भाग पडले. डिझायनरांनी मिशी जिथल्या तिथे ठेवली आणि हवेची वाट खाली, बंपरच्या पातळीवर काढली. नवी अडचण त्यांनी झाकली नाही, तिला जागा करून दिली, आणि मला वाटते म्हणूनच ती गाडी इतकी वर्षे बाजारात टिकली. आपल्याकडे हाच पेच पुण्याच्या टाटांपुढे आला. १९९१ च्या सिएराची ओळख म्हणजे छतापर्यंत वळत गेलेली मागची सलग काच. पिकअपच्या सांगाड्यावर बांधलेल्या त्या गाडीला मागे दारेच नव्हती, म्हणून ती काच शक्य झाली. २०२० च्या ऑटो एक्स्पोत नव्या सिएराची कल्पना मांडली गेली आणि २०२५ अखेरीस गाडी बाजारात आली, तोवर मागच्या प्रवाशाला दार न देणे परवडणारे नव्हते. तेव्हा दाराच्या वरचा भाग काळा करून सलग काचेचा भास निर्माण केला आहे. काम सफाईचे आहे. मला स्वतःला जुनी काच जास्त आवडते.

यावर निसान फिगारोचे नाव पुढे करून कुणी मला अडवील, आणि ते योग्यच होईल. १९९१ ची ही चिमुकली जपानी गाडी निसानच्याच मायक्रा या साध्या गाडीच्या चौकटीवर पन्नाशीच्या दशकाचा पेहराव घालून आली. तिची मूळ प्रत अशी कोणतीच नव्हती. जुनेपणा पूर्णपणे कल्पित. तरीही मागणी इतकी की विक्रीसाठी सोडत काढावी लागली आणि सुमारे वीस हजार गाड्या निघाल्या. मग अडचणी उसन्या घ्यायची गरजच काय? माझे उत्तर असे की फिगारोच्या डिझायनरांनी एकाच काळाची आणि एकाच आकारमानाची शिस्त पाळली. गाडी लहानच ठेवली. बाजूच्या चौकटी कायम ठेवून मधले कापड मागे गुंडाळायचे, ही युरोपातल्या गरीब काळातल्या स्वस्त गाड्यांची युक्ती घेतली. रंगही मोजके आणि फिके. तिच्यावर १९५९ च्या कॅडिलॅकची पाती बसवली असती तर सोडत काढायची वेळ आली नसती. पण एवढे मान्य करतो की निव्वळ गोडव्यावरही गाडी जिंकू शकते. फक्त त्यासाठी हात फार तयार लागतो, आणि नवख्या स्पर्धकाला अडचणींचा आधार जास्त भरवशाचा.

आता रत्नागिरी. कोकण रेल्वे १९९८ च्या जानेवारीत पूर्ण मार्गावर धावू लागली. त्याआधीची दशके इथली ये-जा रस्त्याने आणि बोटीने. समजा स्पर्धेच्या यजमानाने साल दिले १९६८ आणि गिऱ्हाईक दिला एक बागायतदार. वर्षातून काही महिने गाडीत घरची माणसे, एप्रिल-मे मध्ये हापूसच्या पेट्या. कामासाठी अधूनमधून कोल्हापूर, म्हणजे साखरपा ओलांडून आंबा घाट. या एका घाटातून गाडीचा पुढचा चेहरा ठरतो. भर उन्हाळ्यात, भरल्या गाडीने, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये चढताना वेग इतका कमी असतो की समोरून येणारा वारा रेडिएटरला पुरत नाही, पाणी उकळते. म्हणून रेडिएटर उंच आणि रुंद हवा, पुढची जाळी मोठी हवी, बॉनेट उंच हवे. पेट्रोल कमी ऑक्टेनचे, म्हणजे इंजिनाचे कॉम्प्रेशन कमी ठेवावे लागणार, नाहीतर चढावर इंजिन ठोके देणार. कॉम्प्रेशन कमी म्हणजे ताकद कमी, मग पहिला गिअर आखूड. खेळात हे सगळे आकडे एकमेकांना बांधलेले आहेत: कॉम्प्रेशन वाढवले की पडद्यावर लगेच इशारा येतो, गिअर लांब केला की चढण झेपत नाही. उतरताना ड्रम ब्रेक तापून पकड सोडतात, त्याचाही आकडा तिथे दिसतो; त्यावर उपाय मोठ्या ड्रमचा, आणि मोठ्या ड्रमला मोठे चाक. म्हणजे चाक मोठे दिसावे म्हणून मोठे केलेले नाही, ब्रेकसाठी केले. पण बाजूने पाहताना गाडीला जो जुना, ठाम पवित्रा येतो तो त्याच चाकामुळे येतो.

स्पर्धेत बहुतेक जण गाडी जमिनीला टेकवतात, कारण बसकी गाडी फोटोत छान दिसते. कोकणातल्या त्या काळच्या रस्त्यावर अशी गाडी पहिल्याच ओढ्यात तळ घासून बसली असती. इथली गाडी उंच हवी, आणि मागच्या पाट्यांवर पेट्यांचे वजन यायचे म्हणून रिकामी असताना मागून किंचित जास्तच उंच. डिझायनरचे खरे काम इथे सुरू होते: उंच गाडी बोजड दिसू द्यायची नाही. एक उपाय म्हणजे खिडक्यांचे खांब बारीक आणि काचा मोठ्या ठेवणे. दुसरा दोन रंगांचा. दारांच्या मध्यावर रेघ आखून खालचा भाग गडद आणि वरचा फिका केला की नजर गाडीला बुटकी आणि लांब समजते. आणि खालचा रंग जांभ्याच्या चिऱ्याचा घेतला तर पावसाळ्यातल्या लाल चिखलाचे शिंतोडे लपतात, हा वरचा फायदा. स्पर्धेतल्या गाड्यांवर दुरंगी पट्टा सर्रास असतो. का आहे ते मात्र क्वचितच सांगता येते.

मग गंज. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस, वर समुद्राची खारी हवा. खेळात पत्र्यासाठी साधे पोलाद, गंजरोधक पोलाद, अॅल्युमिनियम, फायबरग्लास असे पर्याय मिळतात आणि प्रत्येकाची किंमत आणि टिकाऊपणा वेगळा. बागायतदाराच्या खिशात अॅल्युमिनियम बसत नाही. साध्या पोलादाचीच गाडी करायची तर मडगार्ड बोल्टने जोडलेले सुटे ठेवावेत, सडले की तेवढेच बदलता येतील. असे मडगार्ड मुख्य अंगाला एकजीव होत नाहीत. त्यांचा सांधा दिसतो, फुगवटा वेगळा राहतो, आणि चाळीस-पन्नाशीच्या गाड्यांचा जो गुबगुबीत खांदा आपल्याला आवडतो तो फुकटात मिळतो. क्रोमचे मात्र वांधे आहेत. खाऱ्या हवेत मुलाम्याला बारीक छिद्रे पडतात, आतले पोलाद गंजते आणि चकचकीत पट्टीवर तांबूस पुरळ उठते. तेव्हा इथल्या गिऱ्हाईकासाठी प्रामाणिकपणे बनवलेल्या गाडीवर क्रोम जवळजवळ नसावेच. बंपर रंगवलेले, जाळीही रंगवलेली, फार तर दिव्यांभोवतीची कडी तेवढी चमकणारी. क्रोम नसलेली जुनी देखणी गाडी ही कल्पनाच अनेकांना पटणार नाही. पण परीक्षकासमोर चाळीस चकचकीत गाड्या असताना ही एक वेगळी दिसेल, आणि वेगळी का आहे हे तिच्या मालकाला एका वाक्यात सांगता येईल.

पडद्यावरच्या गाडीला ना गंज चढतो ना घाटात तिचे पाणी उकळते, मग हा सगळा आटापिटा कशासाठी, असे कुणी विचारील. आक्षेप अर्धाच खरा आहे. खेळात टॉर्कचा आलेख, वजनाची वाटणी, ब्रेकची थकावट, खर्च आणि जोडणीला लागणारा वेळ हिशेबात घेतला जातो. शिवाय २०१८ पासून या खेळातली गाडी ‘बीमएनजी ड्राइव्ह’ या दुसऱ्या खेळात नेऊन चालवता येते. तिथे पत्रा वाकतो, चाक निखळते, चढावर गाडी दमते. खऱ्या अभियांत्रिकीतही हीच पायरी आहे. ‘बाहा एसएई इंडिया’ या विद्यार्थ्यांच्या स्पर्धेत पथकांना आधी आभासी फेरीत आपली रचना परीक्षकांपुढे मांडावी लागते आणि मगच प्रत्यक्ष गाडी घेऊन मैदानात उतरता येते. महाराष्ट्रातल्या कितीतरी कॉलेजांची पथके यातून गेली आहेत. तरीही खेळाला न दिसणाऱ्या गोष्टी आहेत. स्पार्क प्लगपर्यंत पाना पोचतो का, हे तो विचारत नाही. टिकाऊपणा तो एका आकड्यात सांगतो, आणि समुद्राच्या वाऱ्यात दाराच्या खालच्या कडेला गंज कसा धरतो हे कुठल्याच आकड्यात मावत नाही. तयार सांगाडेही बहुतेक युरोप, अमेरिका, जपानच्या गाड्यांवर बेतलेले. ही उणीव स्पर्धकाने स्वतःच्या माहितीने भरायची, आणि गॅरेजमध्ये उभे राहून शिकलेले ज्ञान इथे पुस्तकापेक्षा जास्त उपयोगी पडते.

दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे. ज्या काळाची आपण इतकी आठवण काढतो तो परवान्यांचा आणि टंचाईचा काळ होता. गाडीसाठी वर्षानुवर्षे नाव नोंदवून बसावे लागे, मिळे ती जुन्या परदेशी साच्यातली, आणि स्पर्धाच नसल्याने कारखान्याला सुधारण्याची घाई नव्हती. तो साचा आपला तरी कुठे? हे सगळे कबूल. पण याच काळात इचलकरंजीत शंकरराव कुलकर्णी नावाचे गृहस्थ ‘मीरा’ नावाची छोटी मोटार स्वतः बांधत होते. पहिली गाडी १९४९ ची. पुढे सत्तरच्या दशकापर्यंत ते तिची नवी रूपे काढत राहिले. इंजिन मागे, स्प्रिंगऐवजी रबराचे सस्पेन्शन, आणि किंमत सुमारे बारा हजार रुपयांत बसवण्याचा बेत. तिचा कारखाना कधी उभा राहिला नाही. मीरा देखणी होती का, यावर मते निघतील. तिचे फोटो पाहिले तर तिच्यात कुणाची नक्कल मला तरी दिसत नाही, आणि कारण उघड आहे: पैसा, सुटे भाग, रस्ता या इथल्याच अडचणींतून तिचा आकार आलेला. जुन्या काळाची गाडी बनवणे म्हणजे त्या काळाची आरती करणे नव्हे. टंचाईवर टीका करतच, त्या टंचाईने काढायला लावलेल्या युक्त्या घेता येतात. पद्मिनीच्या ऐवजी मीरा पुढे नेली असती तर १९६८ मध्ये ती कशी दिसली असती, हा प्रश्न मला कोणत्याही क्रोमच्या जाळीपेक्षा जास्त चाळवतो, आणि त्याचे उत्तर शोधायला आज फक्त असा एखादा खेळच उपलब्ध आहे.

परीक्षणाचा मुद्दा उरतो. यजमान बहुधा दिसण्याला एक गुण, यंत्राला एक गुण, किमतीला एक गुण असे वाटून टाकतात, आणि मग स्पर्धकही कामाची तशीच वाटणी करतो: आधी इंजिन उरकायचे, नंतर वेगळ्याच मनःस्थितीत बसून बाहेरची सजावट करायची. गाडीला वेषांतराची कळा येते ती या वाटणीमुळे. त्याऐवजी प्रत्येक स्पर्धकाला दिसणाऱ्या पाच गोष्टी निवडायला लावाव्यात आणि त्या तशा का आहेत हे यंत्राच्या, रस्त्याच्या किंवा पैशाच्या भाषेत लिहायला लावावे. एखाद-दुसरी ‘मला आवडली म्हणून’ चालेल. पद्मिनीलाही पाती होतीच. रत्नागिरीत १९९६ पासून फिनोलेक्स अकॅडमीसारखे अभियांत्रिकी कॉलेज आहे, शहरात गॅरेजे आहेत, जुन्या जीपा आणि फियाटी हाताळलेले फिटर अजून कामावर आहेत. परीक्षक म्हणून एक प्राध्यापक आणि एक फिटर बसवला तर स्पर्धेचे पत्रक एवढेच पुरे: साल १९६८, गिऱ्हाईक बागायतदार, पाच माणसे किंवा दोन माणसे आणि पेट्या, मे महिन्यात आंबा घाट न थांबता चढणे, जुलैमध्ये दार उघडताना छतावरचे पाणी मांडीवर न पडणे, मडगार्ड बदलायला एका माणसाला एका दिवसापेक्षा जास्त वेळ न लागणे, आणि क्रोम लावायचेच असेल तर ते किती वर्षे टिकेल याचा हिशेब सोबत जोडणे.